पुडीतून पडलेले ‘जंत’

जुलैच्या पावसात रंकाळ्याच्या काठावर कुडकुडत बसलेलं कुत्र्याचं दीड महिन्याचं पिल्लू माझ्या मुलीनं घरी आणलं. नाव ठेवलं चिमी. पोट टम्म, बरगड्या एकेक मोजता येतील अशा. शेजारच्या काकू बघताक्षणी म्हणाल्या, "जंत झाल्यात गं हिला, पोट बघ की." काकूंचं खरं होतं. तिथून सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं. मी गेले लक्ष्मीपुरीत, रविवारच्या बाजाराला.

बाजाराच्या कडेला एकजण टेबल मांडून बसायचा. टेबलावर काचेची बरणी, तिच्यात शेवयांसारखे लांब पांढरे जंत. "कागलच्या डॉबरमनचे हायेत ताई, तीन दिवसांत पडले," म्हणाला. पुडीत वावडिंग, पळसपापडी, कडुनिंब, केमिकल शून्य. वावडिंग म्हटल्यावर मी विरघळले. माझ्या मुलीला सासूबाईंनी वावडिंगाचं पाणी पाजलेलं, मलाही आईनं पाजलेलं. जे लेकराला चालतं ते पिल्लाला का चालू नये, असं वाटलं. "गोळ्यांनी पिल्लाचं लिव्हर जातंय," हे त्याचं वाक्यही मनात बसलं. एकवीस दिवसांच्या तीन पुड्या, १,८०० रुपये. फोनवरून पैसे दिले, बिल मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिमीच्या शीमध्ये खरंच काहीतरी दिसलं. बोटभर लांब, पिवळसर, बुळबुळीत दोरे. मला इतका आनंद झाला की फोटो काढून त्या माणसाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "सुरुवात झाली ताई, डोस चुकवू नका." मी चुकवला नाही. दुधात कालवून सकाळ-संध्याकाळ देत राहिले. रोज दोरे पडत होते आणि रोज चिमी जास्त झोपत होती. मला वाटायचं, पोट साफ होतंय, थकवा येणारच.

नवव्या दिवशी तिनं दुधाला तोंड लावलं नाही. शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. रिक्षात मांडीवर घेतली तेव्हा ती मान धरत नव्हती.

डॉक्टर मॅडमनी आधी हिरडी दाबून पाहिली, मग रक्त घेतलं. हिमोग्लोबिन पाचाच्या आसपास, त्या वयाच्या मानानं फारच कमी. मग शीचा नमुना घोळवून काचपट्टीवर घेतला आणि मला म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा." सूक्ष्मदर्शकाखाली लांबट गोल, पातळ कवचाची अंडी होती, आत गोळ्यांचा छोटा घोस असावा तशी. एका नजरेत आठ-दहा. आकडीकृमीची अंडी. हे जंत जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचे. आतड्याला चिकटून रक्त पितात आणि शीमध्ये सहसा दिसतच नाहीत. बरणीतले लांब जंत वेगळे, ते गोलकृमी. चिमीला खरं मारत होते ते मला एकदाही दिसले नव्हते.

मग रोज पडत होते ते काय? मी पुडी सोबत नेली होती. मॅडमनी चमचाभर पावडर पेल्यातल्या पाण्यात टाकली. आमचं बोलणं होईपर्यंत पेल्यात घट्ट, बुळबुळीत गोळा जमला होता. इसबगोल. पोटात गेल्यावर तो पाणी धरून फुगतो आणि शीबरोबर दोऱ्यासारखा बाहेर येतो. जे ‘जंत’ पडताना बघून मी सुखावत होते, ते पुडीतूनच येत होते. औषध चालू आहे तोवर ते पडतच राहणार, आणि ते पडतायत म्हणून माणूस औषध चालूच ठेवणार.

पुडी हुंगून मॅडम थांबल्या. "यात लसूण आहे." मला तो वास आधीही आला होता, पण लसूण औषधीच म्हणून मनावर घेतलं नव्हतं. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. एकीकडे जंत रक्त पीत होते, दुसरीकडे उरलेलं रक्त मी माझ्या हातानं दुधातून संपवत होते. हे ऐकताना मला तिथं उभं राहवेना.

चार दिवस सलाईन, लोहाचं औषध, तपासण्या. सगळं मिळून ३,४०० रुपये. जंतांचं औषध त्यातलं शंभराच्या आतलं. चिमीचं वजन केलं, २ किलो १०० ग्रॅम भरलं, आणि तेवढ्याच हिशेबानं डोस मोजून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण अंगात लपलेल्या अळ्या मागाहून मोठ्या होतात. मॅडमनी सांगितलेलं वेळापत्रक आता फ्रिजवर चिकटवलंय. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पहिला डोस, आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. इतक्या लवकर का, तर जंत आईच्या दुधातून पिल्लात येतात, गोलकृमी तर पोटात असतानाच.

मुलीचीही तपासणी करून घेतली. ती अंगणात अनवाणी खेळते, आणि आकडीकृमीच्या अळ्या कातडीतून आत शिरतात. गोलकृमीची अंडी मातीच्या हातानं पोटात गेली तर अळ्या लेकराच्या डोळ्यापर्यंत जाऊ शकतात. सुदैवानं तिला काही निघालं नाही. शी लगेच उचलायची, हात साबणानं धुवायचे, हे आता घरात सगळे पाळतात.

वावडिंगावर माझा राग नाही. पण एवढ्याशा पिल्लाला ते किती द्यायचं, कुठल्या जंतावर चालतं, हे बाजारातल्या त्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

पुढच्या रविवारी मी परत गेले. तोच माणूस, तीच बरणी. चिमीचं सांगितलं तर म्हणाला, "ताई, जंत मरताना विष सोडतात, त्यानं जनावर मलूल होतंय. अजून दोन पुड्या घ्या." शेजारी कॉलेजातला एक पोरगा उभा होता, पाटीत दोन पिल्लं घेऊन. मी पर्समधली पाण्याची बाटली काढली, उरलेल्या पुडीतली पावडर तिच्यात टाकली, हलवली आणि त्याच्या हातात दिली. "दहा मिनिटं थांब बाळा," म्हटलं. टेबलामागून आरडाओरडा सुरू झाला, पण पोरगा थांबला. बाटली उपडी केली तरी आतलं बाहेर येईना. त्यानं काढलेले पैसे खिशात घातले आणि दवाखाना कुठं आहे ते मला विचारलं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. बिल नाही, पण पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आहे. पुडीवर परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. नुसतं कुत्र्याचं चित्र आणि हिरवं पान. ती पुडी मी डब्यात बंद करून माळ्यावर ठेवली आहे, कुणी मागितली तर दाखवायला.