फुकटात तत्त्वज्ञान : जळगाव–अमळनेर अप-डाऊनमधल्या वापराचा अनुभव

तत्त्वज्ञान शिकायला आता पैसे लागत नाहीत, हे खरं आहे. वेळ मात्र लागतो, बऱ्यापैकी इंग्रजी लागतं, आणि आपलं म्हणणं खोडून काढणारं एखादं माणूस लागतं. ते माणूस इंटरनेटवर मिळत नाही. म्हणून मी प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावली : हे वाचून किंवा ऐकून घरी गेल्यावर कोणाशी वाद घालता आला का? वाद झाला तर साधन चांगलं. नुसतं 'छान होतं' वाटून संपलं, तर ते मोबाईलमधून उडवलं.

माझी परिस्थिती सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या हिशोबाने वजाबाकी करता येईल. राहते जळगावला, नोकरी अमळनेरला, रेल्वेचा पास. शिक्षण बी.कॉम., तत्त्वज्ञानाचा एकही पेपर कधी दिलेला नाही. पाळधी सोडलं की रेंज जाते, धरणगावला येते, पुन्हा जाते. डब्यात शेजारी मेथी निवडणं चालू असतं आणि कोणीतरी विचारतंच, "काय आयकी राह्यनी व ताई?" तेव्हा जे ऑफलाइन चालत नाही, ते माझ्या कामाचं नाही. इंग्रजी पेपर वाचता येतो, पण जाड वाक्यांना दम लागतो.

हा नाद लागायला गाव कारणीभूत आहे. अमळनेरात गिरणीमालक प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तेच आजचं प्रताप तत्त्वज्ञान केंद्र. गिरणीच्या पैशातून पगारी विद्वान ठेवायचे आणि त्यांनी फक्त विचार करायचा, अशी ती योजना. नामवंत तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे संचालक होते. साने गुरुजी अमळनेरला आले तेही आधी या मंदिरासाठी, शाळेतली नोकरी नंतरची. १९३३ साली इथल्या मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी मिळून 'अज्ञान' या विषयावर एक पुस्तक काढलं. एकाच पुस्तकात तिघांची तीन मतं! एकाच आवारात राहणारी माणसं अशी जाहीरपणे एकमेकांशी असहमत होती, हे मला फार आवडलं. इतकी वर्षं त्या रस्त्याने जात होते आणि आत काय चालायचं याची कल्पना नव्हती.

आता साधनांकडे येते. सगळ्यात जास्त तास गेले ते पीटर अ‍ॅडमसन यांच्या 'हिस्ट्री ऑफ फिलॉसफी विदाउट एनी गॅप्स' या पॉडकास्टवर. २०१० पासून चालू आहे. प्राचीन ग्रीसमधल्या थेलिसपासून सुरुवात करून कोणालाही न वगळता पुढे सरकायचं, हा त्यांचा हट्ट. एक भाग साधारण वीस मिनिटांचा. घरच्या वायफायवर रात्री उतरवून ठेवला की गाडीत रेंजची भानगड नाही. बोलणं स्पष्ट, वेग बेताचा, आणि उदाहरणांत सारखे जिराफ आणि मूकपटातला बस्टर कीटन. सुरुवातीला वैताग येतो, मग त्याचीच वाट बघायला लागतो आपण. जोनार्दन गनेरींबरोबर केलेली भारतीय तत्त्वज्ञानाची वेगळी मालिका तर आवर्जून ऐका. उपनिषदं, न्याय, मीमांसा, चार्वाक, नागार्जुन, दिङ्नाग, सगळे एका ओळीत येतात आणि एकमेकांना उत्तरं देताना दिसतात. आपल्याकडे षड्दर्शनं म्हटलं की सहा कप्पे डोळ्यांसमोर येतात. इथे कळतं की ते कप्पे नव्हतेच, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली खडाजंगी होती.

पण खोट आहे. ऐकलेलं टिकत नाही. स्टोइक या ग्रीक पंथाचं तर्कशास्त्र अमळनेर येईपर्यंत कळलेलं असतं आणि ऑफिसच्या पायऱ्या चढेपर्यंत गेलेलं असतं. पॉडकास्टने क्रम मिळतो, कोण कोणाच्या आधी आणि कोणाला उत्तर देतंय हे बसतं. वाद घालण्याइतकी पकड त्याने येत नाही.

व्हिडिओबद्दल माझं मत चारचौघांपेक्षा वेगळं आहे. मायकल सँडेल यांचा हार्वर्डमधला 'जस्टिस' सगळेच सुचवतात. आहेच तो देखणा. भरधाव ट्रॉली सुटली आहे, पाचांना वाचवायला एकाचा बळी द्यायचा का, असा प्रश्न टाकून ते हजारभर पोरांना पहिल्या दहा मिनिटांत कामाला लावतात. मी सगळे भाग पाहिले, घरच्यांनाही दाखवले. पण तिथे वाद ती पोरं घालतात आणि आपण प्रेक्षक. रोजचा दीड जीबी डेटा संपतो तो वेगळाच. त्यापेक्षा येलचे शेली केगन यांची 'डेथ' ही २००७ सालची व्याख्यानमाला मला जास्त उपयोगी पडली. टेबलावर मांडी घालून बसलेला माणूस, समोर फळा. पहिल्याच तासाला ते सांगून टाकतात की आत्मा नाही असं मला वाटतं आणि या वर्गात मी तेच मांडणार आहे, पटवून घ्यायची सक्ती नाही. 'ओपन येल कोर्सेस'वर प्रत्येक तासाची ध्वनिफीत आणि शब्दशः उतरवलेला मजकूर दोन्ही फुकट मिळतात. मजकूर वाचायला घेतला की व्हिडिओ लागतच नाही. प्लेटोचे आत्म्याच्या अमरत्वाचे युक्तिवाद ते एकेक करून मांडतात आणि एकेक करून मोडतात. हे घरी सांगितलं आणि आमच्याकडे पहिलं भांडण पेटलं.

भांडणाचा दुसरा पक्ष म्हणजे माझे सासरे, अण्णा. हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, एकादशी चुकवत नाहीत, ज्ञानेश्वरीचं पारायण दरवर्षी. आत्मा नाही असं सुनेने जेवताना म्हणावं हे त्यांना रुचलं नाही. पण चिडले नाहीत. म्हणाले, "बरं, नाही तर नाही. मग दर महिन्याला पेन्शन कोणाच्या खात्यात जमा होते? नोकरी केली त्याच्या, की आज चहा पितोय त्याच्या?"

याचं उत्तर मला जिथे सापडलं, ते या सगळ्या खटाटोपातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं साधन आहे, आणि त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही : 'अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स' हे संकेतस्थळ. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले प्राध्यापक जोनाथन बेनेट यांनी देकार्त, लॉक, ह्यूम, कांट अशा सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय तत्त्वज्ञांचे मूळ ग्रंथ आजच्या सोप्या इंग्रजीत आणून ठेवले आहेत. हा सारांश नाही. युक्तिवाद जसाच्या तसा, फक्त अर्ध्या पानाचं वाक्य तोडून त्याची चार केलेली. स्वतः घातलेले शब्द बारीक ठिपक्यांमध्ये, खुलासे कंसात, गाळलेली जागा दाखवून दिलेली. म्हणजे तत्त्वज्ञ कुठे बोलतो आणि बेनेट कुठे बोलतात हे कळतं. अभ्यासक मंडळी म्हणतात की यातून मूळ लेखकाची लय जाते. जात असेल. लॉकची लय सांभाळत बसले असते तर तिसऱ्या पानावर पुस्तक मिटलं असतं.

तर लॉक. मानवी आकलनावरच्या त्याच्या मोठ्या निबंधाच्या दुसऱ्या भागातलं सत्ताविसावं प्रकरण वाचा. पहिल्या आवृत्तीत ते नव्हतं, १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने घातलं. तो म्हणतो, 'तोच देह' वेगळा आणि 'तीच व्यक्ती' वेगळी. एखाद्या राजपुत्राची जाणीव, सगळ्या आठवणींसकट, मोच्याच्या देहात शिरली तर व्यक्ती राजपुत्र, पण बघणारे म्हणतील हा आपला मोचीच. व्यक्ती कोण हे ठरवायचं ते जाणिवेवरून, आणि ठरवायचं कशासाठी, तर केलेल्या कर्माची जबाबदारी कोणावर टाकायची यासाठी. न्यायनिवाड्याची भाषा आहे ही, बक्षीस कोणाला आणि शिक्षा कोणाला. अण्णांची पेन्शन या खात्यात बरोबर बसते! आत्मा अमर असो-नसो, वर्गात उभं राहून शिकवल्याची जाणीव ज्याला आहे, पेन्शन त्याची.

मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. अण्णांनी दोन दिवस घेतले आणि म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या त्या म्हातारबांना आता काहीच आठवत नाही. त्यांची पेन्शन बंद करायची?"

झालं. उत्तर नव्हतं. पण मग 'स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसफी' उघडला आणि त्यात लॉकवरचे आक्षेप रांगेने उभे. थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये घेतलेला आक्षेप अण्णांच्या जवळचाच निघाला. लहानपणी बागेतली फळं चोरल्याबद्दल मार खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होतो, म्हातारपणी सेनापती होतो. अधिकाऱ्याला तो मार आठवतो, सेनापतीला अधिकारी असतानाचा पराक्रम आठवतो, पण मार आठवत नाही. लॉकच्या हिशोबाने सेनापती म्हणजे अधिकारी, अधिकारी म्हणजे तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नव्हे. हे कसं चालेल? अण्णांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते एस.एस.सी.चा निकाल शंभर टक्के लागल्यावरचं असावं.

स्टॅनफर्डबद्दल एवढंच सांगते की सुरुवात तिथून करू नका. १९९५ पासून चाललेला, एडवर्ड झाल्टा यांनी उभा केलेला हा कोश आहे. नोंद तज्ज्ञ लिहितो, दुसरे तज्ज्ञ तपासतात, आणि लेखकाने ती वेळोवेळी सुधारायची असते. पहिल्यांदा कधी लिहिली, मोठी दुरुस्ती कधी झाली, हे वरच छापलेलं असतं. पानं साधी मजकुराची, त्यामुळे एका काडीच्या रेंजवरही उघडतात. जाहिरात नाही. पण नोंदी लिहिलेल्या आहेत त्या विषय आधी माहीत असणाऱ्यांसाठी. शेवटची ग्रंथसूची पाहूनच छाती दडपते. हातात नेमका प्रश्न असेल तेव्हाच आत जावं आणि हवा तो विभाग वाचून बाहेर पडावं. त्याच वर्षी सुरू झालेला 'इंटरनेट एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसफी' जास्त सोप्या भाषेत आहे. नवख्याने दोघांत हाच आधी घ्यावा.

प्लेटोसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग, हे जुनी पुस्तकं फुकट देणारं संकेतस्थळ. जुना जोवेटचा अनुवाद आहे, भाषा थोडी जुनाट, पण ई-पुस्तकाची (ईपब) फाईल हलकी आणि बरेच संवाद छोटे. 'युथिफ्रो' एका फेरीत होतो. स्वतःच्या बापावर खटला भरायला निघालेला माणूस सॉक्रेटिसला धर्म म्हणजे काय ते समजावतो, आणि प्रश्न येऊन ठेपतो : देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? आमच्या घरी हा प्रश्न चतुर्थीच्या उपासाला जोडून पुरेसा रंगला. तपशील देत नाही, सासूबाईही हे वाचतील.

सरकारी साधनं भरपूर आहेत आणि त्यांच्यावर फार शब्द खर्च करावेत असं वाटत नाही. स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळांवर आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट, परीक्षेला बसायचं तर शुल्क. ज्याला प्रमाणपत्र हवं त्याने जावं. दर आठवड्याचा स्वाध्याय असल्याने शिस्त लागते, पण स्वाध्याय बहुतेक पर्यायी प्रश्नांचा. तत्त्वज्ञानात चारपैकी एक पर्याय निवडायचा, हे मला जमलं नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा ई-ज्ञानकोश त्यापेक्षा बरा. एम.ए.ची घटकवार पुस्तिका, हिंदीतूनही बरंच साहित्य, आणि प्रकरणाच्या मध्ये थांबवून प्रश्न विचारण्याची पद्धत. गद्य कोरडं ठक्क आहे, हे मान्य करून उतरवा.

मराठीत काय? मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, आणि विषयवार ज्ञानमंडळांनी, म्हणजे तज्ज्ञांच्या गटांनी, केलेल्या नव्या नोंदींत तत्त्वज्ञानाचा वेगळा विभाग आहे. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे, जन्म १९०१. जुन्या नोंदींची भाषा संस्कृताने जड झालेली आहे, पण विवेचन पक्कं. इंग्रजी नोंद वाचून डोकं गरगरलं की त्याच विषयाची विश्वकोशातली नोंद वाचायची, हा माझा नेम झाला आहे. आणि दुसरं, 'आजचा सुधारक'. नागपूरच्या दि. य. देशपांड्यांनी १९९० मध्ये 'नवा सुधारक' या नावाने मासिक म्हणून सुरू केलेलं हे नियतकालिक, जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. विवेकवादाची बाजू घेऊन लिहिलेलं असतं, हे धरून चालावं. पण त्यातला वाचकांचा पत्रव्यवहार सोडू नका. लेखापेक्षा पत्रात कधीकधी जास्त जोर असतो. माझ्या कसोटीला उतरलेलं हे एकमेव मराठी साधन. मराठीत बेनेटसारखं काही नाही, म्हणजे मूळ ग्रंथ सोप्या मराठीत, युक्तिवाद न गाळता, फुकट. ही उणीव मोठी आहे आणि ती माझ्यासारख्या अप-डाऊनवाल्यांकडून भरून निघणारी नाही.

कोणी करू नये तेही सांगते. स्पर्धा परीक्षेच्या नीतिशास्त्राच्या पेपरासाठी यातलं काही धरू नका, वेळ जाईल. आणि मन शांत व्हावं म्हणून येत असाल तर लॉक-ह्यूमपासून लांबच राहा. झोप उडते.

सध्या ह्यूम चालू आहे. मोबाईलवर बेनेटच्या पीडीएफ दोन बोटांनी मोठ्या करत वाचाव्या लागतात, हा त्यांचा एक दोष. अण्णांना तर ते दिसतच नाही. म्हणून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट प्रिंट काढून स्पायरल मारून आणलं. 'मी'चा शोध घेताना दर वेळी कुठली तरी ऊब, थंडी, सुख, दुःख एवढंच सापडतं, 'मी' सापडत नाही, असं ह्यूम म्हणतो ते पान अण्णांनी लाल पेनाने रंगवलं आहे. समासात लिहिलंय, "मग शोधतंय कोण?" उद्याच्या गाडीत त्यावर उत्तर शोधायचं आहे.