कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम: फोटो सॉफ्ट येतो तो कुणामुळे?

हौशी फोटोग्राफर मंडळी एकमेकांचे फोटो बघायला बसली की ‘सॉफ्ट (म्हणजे धूसर) आलाय, लेन्स बदल’ हा शेरा हमखास येतो. त्यात सगळ्यांत जास्त बोलणी खाते ती कॅननची ही ५० एमएम लेन्स, कारण कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सनंतर बहुतेकांची पहिली खरेदी हीच असते. २०१५ साली आलेली, वजन १६० ग्रॅम, कॅमेऱ्याला जोडणारा माउंट धातूचा, फिल्टर ४९ मिमीचा. एफ/१.८ ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं असताना, कोपरे मऊ आणि कॉन्ट्रास्ट जरा कमी, एवढा दोष खरा. पण एफचा आकडा वाढवून छिद्र लहान केलं की एफ/२.८ ला मधला भाग लख्ख होतो आणि एफ/५.६ पर्यंत कडाही सुधारतात. म्हणून मित्राचा फोटो समोर आला की लेन्सला नावं ठेवण्याआधी एक काम करा: फोटो १०० टक्के मोठा करून त्यात शार्प नेमकं काय आलंय ते शोधा.

वारीतल्या आजीबाईंचा चेहरा घ्या. कॅननच्या १५००डी सारख्या क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेरा बॉडीवर, एक मीटरवरून, एफ/१.८ ला शार्प पट्टा (पुढून मागे जेवढा भाग शार्प येतो तो) जेमतेम अडीच सेंटीमीटर जाडीचा असतो. नथ लख्ख आणि डोळे धूसर असतील, तर बहुधा फोकस पॉइंट कॅमेऱ्याने स्वतः निवडलाय. सगळे नऊ पॉइंट चालू ठेवले की तो सहसा जवळची वस्तू पकडतो. उपाय: एकच पॉइंट ठेवून तो जवळच्या डोळ्यावर आणायचा. उलट डोळ्यामागचं कानशील रेखीव, डोळे मात्र मऊ, असं दिसलं तर मधल्या पॉइंटने डोळा पकडून मग कॅमेरा फिरवून चौकट जुळवलेली असण्याची शक्यता जास्त. एक मीटरवर कॅमेरा १० अंश फिरवला तरी फोकस डोळ्याच्या दीड सेंटीमीटर मागे जातो, आणि अडीच सेंटीमीटरच्या पट्ट्यात डोळा मऊ पडायला तेवढं पुरतं. अशा वेळी एफ/४ वर या. पट्टा सहा सेंटीमीटरच्या आसपास होतो आणि पाठचा गर्दीचा गोंधळ तरीही बऱ्यापैकी विरघळतो.

फोटोत कुठेच काही शार्प नसेल, तर दिव्यांच्या ठिपक्यांकडे बघा. सगळे ठिपके एकाच दिशेला ओढले गेले असतील तर हात हलला. या लेन्सला स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि क्रॉप बॉडीवर ती ८० एमएमसारखी वागते, त्यामुळे हातात धरून शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नये. मागची कमान स्थिर आणि ढोलावरचं टिपरू तेवढं फरफटलेलं असेल तर शटर कमी पडला. तिथे १/५०० लागतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढेल म्हणून घाबरायचं कारण नाही. किट लेन्स ५५ एमएमला एफ/५.६ वर अडकते, ही तिच्याहून तीन स्टॉपपेक्षा जास्त उजेड देते (दर स्टॉपला उजेड दुप्पट). गाभाऱ्यात किट लेन्सला आयएसओ ६४०० लागत असेल तर इथे ८०० वर भागतं. या लेन्सचा खरा पैसावसूल गुण हाच.

प्रत्येक फोटोत फोकस सारखाच पुढे किंवा सारखाच मागे पडत असेल तरच बॉडी-लेन्सच्या जोडीवर संशय घ्या. वर्तमानपत्र ४५ अंशांत तिरकं ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, आणि एफ/१.८ ला एकाच ओळीवर फोकस करून एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून, एक लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून) काढा. दोन्हींचे तीन-तीन काढले तर निकाल पक्का. लाइव्ह व्ह्यूचा बरोबर आणि दुसरा चुकलेला असेल तर जोडी सर्व्हिस सेंटरला दाखवायची, कारण या स्वस्त बॉडींमध्ये ती जुळवणी आपल्या हाताने करायची सोय नसते.

पदार्थांच्या फोटोंत वेगळीच गंमत होते. लेन्स ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते म्हणून लोक अगदी जवळ जातात. तिथे एफ/१.८ ला शार्प पट्टा उरतो दोन-तीन मिमी! मोदकाची एक कळी दिसते, बाकी सगळा पांढरा ढग. एफ/५.६ ला तो साधारण तिप्पट होतो. एफ/८ आणि खिडकीचा उजेड अजून बरा.

चौकटीबद्दलचा नेहमीचा शेरा म्हणजे ‘पाय घोट्यावर कापलेत’. दहा फुटांच्या खोलीत भिंतीला टेकून उभा कॅमेरा धरला तरी या लेन्समध्ये साडेचार फुटांच्या आतच उंची मावते. उभा माणूस पुरा घ्यायचा तर साडेचार मीटर मागे जायला हवं. जागा नसेल तर कंबरेवर किंवा मांडीच्या मध्यावर कापा, सांध्यावर नको.

चांदीच्या दागिन्यांच्या कडेला जांभळी रेघ दिसली तर ती मात्र लेन्सचीच. एफ/२.८ ला बरीच जाते. आरतीच्या फोटोत ज्योतीच्या तिरक्या समोर हिरवट उलटी ज्योत तरंगत असेल तर आधी स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून बघा. हूड (तिरका उजेड अडवणारी लेन्सपुढची कडी, ईएस-६८) वेगळा विकत घ्यावा लागतो, तो घ्याच. फोकस होताना पुढची नळी बाहेर येते, तिला थेट धक्का लागत नाही.

हे सगळं ओळखायला मूळ फाइल हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि अ‍ॅपर्चर-शटरची माहितीही जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागवा. कॅननच्या डीपीपी सॉफ्टवेअरमध्ये फोकस पॉइंट कुठे होता तेही दिसतं. तो बघितल्याशिवाय कुणाच्या फोकसवर बोलू नये.

या लेन्सची जुनी आवृत्ती ‘मार्क २’ सेकंडहँड स्वस्त मिळते. तिचा माउंट प्लास्टिकचा, छिद्र लहान-मोठं करणारी पाती पाच, त्यामुळे एफ/२.८ ला दिवे पंचकोनी दिसतात. एसटीएमच्या सात गोलसर पात्यांमुळे ते गोलाच्या जवळ राहतात. पैशांत फार फरक नसेल तर एसटीएमच घ्या. कॅननची मिररलेस (आत आरसा नसलेली) आर मालिकेतली बॉडी असेल तर २०२० ची आरएफ ५० एमएम एफ/१.८ बघा, डोळा ओळखणाऱ्या फोकसमुळे नथ-डोळ्याचा घोळ तिथे खूपच कमी होतो.