दालन भाड्यानं घ्यावं की गॅलरीला कमिशन द्यावं?

जळगाव-धुळ्याकडच्या चित्रकारानं मुंबईत चित्रं विकायचं ठरवलं की दोन वाटा समोर येतात.

पहिली भाड्याच्या दालनाची. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी (स्थापना १९५२) याच रीतीनं चालते. अर्ज करायचा, निवड झाली तर आठवडाभर दालन मिळतं, पण त्यासाठी काही वर्षंही थांबावं लागतं. भाडं, फ्रेमा, निमंत्रणपत्रिका, जळगावहून चारशेवर किलोमीटर चित्रं नेण्याचा टेम्पो, मुंबईतला मुक्काम, सगळा खर्च आपला. एकही चित्र विकलं गेलं नाही तरी तो होतोच. मात्र रोज दारात उभं राहून अनोळखी माणसांशी बोलायला मिळतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

दुसरी वाट कमिशनची. १९६३ साली जहांगीरच्याच इमारतीत केकू गांधींनी सुरू केलेली केमोल्ड ही अशी गॅलरी. इथं गॅलरीच चित्रकार निवडते, ग्राहक शोधते आणि विक्रीतला वाटा घेते, बहुधा तिसरा हिस्सा ते निम्मा. ऐकून छाती दडपते, पण खिशातून आधी फारसं जात नाही.

नवख्यानं कर्ज काढून दालन घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आधी गटप्रदर्शनात दोन-तीन चित्रं लावा, भाडं वाटून घ्या. कमिशनवर चित्रं देताना मात्र लेखी यादी हवीच: आकार, किंमत, पैसे किती दिवसांत मिळणार, आणि न विकलेलं चित्र नंदुरबारपर्यंत परत कोणाच्या खर्चानं येणार.