कूलरच्या खिडकीला ग्रिल: बिजागरीची की बोल्टची?

लातूरला घराचं काम खिडक्यांपर्यंत आलं तेव्हा वेल्डरनं टेप गुंडाळत विचारलं, "मालक, गिरिल फिक्स का उघडती?" कूलर बसवायचाय, काढता यायला हवी, एवढंच मी सांगितलं. "मग बिजागरीची करू का बोल्टची? सकाळपर्यंत सांगा, माल आणायचाय." बिजागरीची दारासारखी उघडते, बोल्टची नट सोडून अख्खी काढता येते; पण सकाळपर्यंत मला यातला फरक काही कळला नाही. बिजागरीची सोपी वाटली, तीच केली. दोन उन्हाळे वापरली आणि मग रस्त्याकडच्या दोन खिडक्यांची काढून बोल्टची करून घेतली. आज घरात दोन्ही प्रकार आहेत. ज्यांचं काम सध्या याच टप्प्यावर अडलंय त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

भिंतीत गाडलेल्या पक्क्या ग्रिलचा विषय इथं घेत नाही. मजबुतीत तिला तोड नाही, पण घरातल्यांची वाटही तीच बंद करते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो. विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणातच झोपलो. त्या वयात ज्यानं ते पाहिलं, त्याला प्रत्येक खोलीत दाराखेरीज दुसरी वाट असावी असं वाटतंच. जुन्या माळवदाच्या घरांना खिडकी म्हणजे हातभर झरोका असायचा, त्यातून चोरही येत नव्हता आणि माणूसही बाहेर पडत नव्हता. आता आपण चार बाय चारच्या खिडक्या ठेवतो, म्हणून हा प्रश्न उभा राहिला.

प्रकार कोणताही घ्या, गज मात्र नीट घ्या. माझ्या वेल्डरच्या दुकानात एक जुनी ग्रिल पडलेली होती: १० मिमीचे गोल गज, चार फूट उंची, मधे एकच आडवी पट्टी. दुकानातल्या पोरानं दोन गजांमधे पहार घालून जोर दिला तर गज धनुष्यासारखे वाकले आणि डोकं जाईल एवढी फट पडली. मग तीच पहार माझ्या नव्या ग्रिलवर चालवायला सांगितली. १२ मिमीचे चौरस गज, दर फुटाला पट्टी, आणि गज पट्टीला नुसते चिकटवलेले नाहीत, पट्टीला भोक पाडून आरपार ओवलेले. रंग खरचटला, पण फट पडली नाही. कारण साधं आहे. दोन पट्ट्यांमधलं अंतर निम्मं केलं की तेवढ्याच जोराला गज आठपट कमी वाकतो. आणि १२ मिमीचा चौरस गज त्याच मापाच्या गोल गजापेक्षा वजनाला सव्वापट भरतो, पण वाकायला सुमारे पावणेदोनपट अवघड जातो. जालन्याच्या रोलिंग मिल इतक्या जवळ असताना चकचकीत पोकळ स्टील पाइपच्या ग्रिलवर पैसे घालावेत असं मला तरी वाटत नाही. तो पाइप दिसतो जाड, पण त्याची भिंत पातळ असते.

दुसरं, ग्रिल ज्यावर बसते ती चौकट. प्लास्टरमधे प्लग ठोकून स्क्रू मारलेली चौकट पहारीनं अख्खी उपटून येते, गज कितीही जाड असोत. ३५ मिमीच्या अँगलची (काटकोनी लोखंडी पट्टीची) चौकट, तिला प्रत्येक बाजूला दोन होल्डफास्ट (भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्या), आणि ते भिंतीत काँक्रीटमधे बसवलेले, एवढं तरी हवंच. घर बांधून झालं असेल तर पुन्हा फोडाफोड करावी लागते. मला ती करावी लागली, आणि धूळ आठवडाभर निघत होती.

आता बिजागरीची. तिच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. कुलूप काढलं की उघडते, उचलाउचल नाही, म्हातारं माणूसही उघडू शकतं. रात्री काही घडलं तर बाहेर पडायला हिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आपल्याकडं सरकती काच आतल्या अंगाला असते, म्हणून ही ग्रिल बाहेर उघडते. त्यामुळं बिजागरीचा खिळा बाहेरून दिसतो, आणि खिळा ठोकून काढता आला की कुलपाला अर्थ उरत नाही. त्यावर उपाय आहे. बिजागरीच्या बाजूला चौकटीत दोन भोकं आणि पल्ल्याला दोन आखूड खुंट्या ठेवायच्या. ग्रिल बंद झाली की खुंट्या भोकात जातात, मग खिळा काढला तरी पल्ला हलत नाही. एवढं करून घेतलं तर बंद असलेली बिजागरीची ग्रिल बोल्टच्या ग्रिलपेक्षा फार कमी नाही, हे मी मान्य करतो.

पण ती बंद असते कधी? माझं सगळं इथंच अडलं.

मार्च लागला की गच्चीवरून कूलर उतरतो, नवीन वाळा भरला जातो, खिडकीबाहेर लोखंडी स्टँड लागतो आणि ग्रिलचा अर्धा पल्ला उघडून भिंतीला टेकवला जातो. कूलरचं तोंड त्या रिकाम्या जागेत बसतं. वरच्या फटीत थर्मोकोल किंवा प्लायचा तुकडा, कडेनं जुनी चादर. पल्ला पुन्हा मिटायचा तो मृग बरसल्यावर. म्हणजे ज्या महिन्यांत घर सर्वांत जास्त रिकामं असतं, लग्नसराई, लेकरांच्या सुट्ट्या, आणि जे घरी असतात ते गच्चीवर झोपलेले, नेमक्या त्याच महिन्यांत खिडकीवर ग्रिल नसते. कूलर असतो. आणि रिकामा कूलर दोन माणसं सहज बाजूला सरकवतात.

पहिल्या उन्हाळ्यात हे मला जाणवलं, पण करायचं काय ते सुचलं नाही. रात्री स्टँडला साखळी बांधून झोपायचो. दुसऱ्या उन्हाळ्यात परभणीला दाजींच्या घरी चोरी झाली. सगळे लग्नाला बीडला गेले होते. परत आले तेव्हा कूलर स्टँडवरच होता, फक्त फिरवून ठेवलेला, आणि प्लायचा तुकडा व्यवस्थित भिंतीला उभा केलेला. ग्रिलला ओरखडासुद्धा नव्हता. कुलूप कोयंड्याला लटकत होतं, पल्ला उघडा. ताईचे दागिने गेले. ती मला फोनवर म्हणाली, "अरे, गिरिल तर होती ना खिडकीला." त्या वाक्यानंतर मी आमच्या वेल्डरकडं गेलो.

बोल्टची ग्रिल आम्ही दोघांनी बसून ठरवली, ती अशी. खिडकीचा डावा अर्धा भाग कायमचा पक्का. मधे चौकटीला वेल्ड केलेला उभा अँगल. उजव्या अर्ध्या भागात काढायचं पॅनेल, दोन बाय चार फुटांचं. पूर्ण खिडकीचं एकच पॅनेल करू नका. सरकती काच एका वेळी अर्धीच उघडते, त्यातून चार फुटी ग्रिल आत येतच नाही. शिवाय अर्धं पॅनेल वजनाला १२-१३ किलो भरतं, एकट्याला उचलता येतं.

पॅनेल आतून येऊन अँगलला टेकतं, म्हणून बाहेर ओढून ते निघत नाही. खालची धार चॅनेलच्या खाचेत बसते. वजन खाचेवर राहतं, त्यामुळं नट लावताना ग्रिल हातात तोलत उभं राहावं लागत नाही. खाचेला तळाशी दोन भोकं पाडायला सांगा, नाहीतर पावसाचं पाणी साचून तिथूनच गंज धरतो. वर आणि बाजूंना मिळून चार बोल्ट, १२ मिमीचे, अँगललाच वेल्ड करून आतल्या बाजूला निघालेले. बाहेरून बोल्टचं डोकं दिसतच नाही, मग पाना लावायचा कशाला?

नटाच्या बाबतीत माझी पहिली निवड चुकली होती. मी फुलपाखराच्या आकाराचे, हातानं फिरवायचे नट आणले होते. वेल्डर काही बोलला नाही, बाहेर गेला, दोन गजांमधून हात आत घातला, कोपर वळवलं आणि नट फिरवून दाखवला. गजांमधलं अंतर चार इंच असलं की हात जातोच. मग प्रत्येक बोल्टभोवती दीड इंच खोल पाइपचा तुकडा वेल्ड केला. साधा नट त्या नळीच्या तळाशी बसतो. लांब दांड्याचा गोटी पाना (नटावर टोपीसारखा बसणारा) सरळ समोरून घातला तरच त्याला पकड मिळते. गजांतून वाकड्या आलेल्या हाताला ते जमत नाही, आम्ही करून पाहिलं. पाना खिडकीपासून दूर, पण अंधारात हात जाईल अशा ठरलेल्या खिळ्यावर टांगलेला असतो.

आता कूलरचं. त्याच चार बोल्टांवर बसणारं दुसरं पॅनेल करून घेतलं. त्यात कूलरच्या तोंडाच्या मापाची चौकोनी जागा, भोवती आतल्या बाजूला आलेली तीन इंचांची पट्टीची पेटी, आणि पेटीच्या टोकाला तीन उभे गज. कूलरचं तोंड पेटीत सरकतं, बाकीच्या जागेवर पत्रा. प्लाय गेला, थर्मोकोल गेला, चादर गेली. कोणी बाहेरून कूलर ओढला तरी समोर गज येतात. तीन गजांमुळं हवा कमी लागते का, असं सगळे विचारतात. मला तरी फरक जाणवला नाही, उलट कडेच्या फटी बुजल्यामुळं खोली लवकर गार होते असं बायकोचं म्हणणं आहे. झडपा वरखाली करायला गजांतून बोटं जातात.

एक काळजी मात्र अवश्य घ्या. कूलरचा पत्रा ग्रिलला लागून असतो. कूलरमधे करंट उतरला तर तो ग्रिलमधेही येणार, आणि उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावतात हे आपण ऐकत असतोच. पेटीत रबराची पट्टी चिकटवली आहे, पण त्यावर विसंबू नका. खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आणि कूलरला खरोखरची अर्थिंग असल्याशिवाय हे पॅनेल लावू नका.

बोल्टच्या ग्रिलचे तोटेही आहेत. पॅनेल बदलायला मला पंधरा मिनिटं लागतात. वर्षातून दोनदाच करायचं असल्यानं ती जड वाटत नाहीत. आटे रंगानं बुजतात, म्हणून रंगाआधी बोल्टांना कागद गुंडाळा आणि दर पाडव्याला ग्रीस लावा. खर्च दुसऱ्या पॅनेलमुळं माझा जवळपास सव्वापट झाला. भाव किलोवर ठरवा, स्क्वेअर फुटावर ठरवला की गज बारीक होत जातात. आणि खरा तोटा म्हणजे घाईच्या वेळी चार नट सोडायला दीड-दोन मिनिटं जातात. घरात दुसरी वाट नसेल तर ही दोन मिनिटं फार आहेत.

बिजागरीच्या विरुद्ध आणखी एक गोष्ट, आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया खोल नसेल तर चौकटी वर्षागणिक थोड्या तिरक्या होतात. माझ्या बिजागरीच्या ग्रिलचा कोयंडा दुसऱ्याच वर्षी दोन-तीन मिमी खाली आला. कुलूप लावायला पल्ला उचलून धरावा लागायचा. बोल्टच्या पॅनेलला भोकं लांबट ठेवली, त्यामुळं तेवढा फरक त्यात जिरतो. तुमचा पाया मुरुमावर किंवा खडकावर असेल तर हा मुद्दा सोडून द्या. घरी एसी असेल आणि कूलर लागतच नसेल तर माझा अर्धा युक्तिवादही सोडून द्या, मग बिजागरीचीच बरी पडेल.

आमच्याकडं हॉल आणि आमची खोली, दोन्ही रस्त्याकडं, दोन्हीला कूलर, दोन्हीला बोल्टची. आईच्या खोलीला कूलर नाही, तिला त्याचा आवाज सोसत नाही. तिथं जुनी बिजागरीचीच ठेवली, खुंट्या नव्यानं बसवल्या, कोयंडा सरळ केला. किल्ली तिच्या उशाच्या कोनाड्यात, देवाच्या फोटोमागं असते. महिन्यातून एकदा तिला कुलूप उघडून पल्ला ढकलायला लावतो. सुरुवातीला ती कुरकुरायची. आता अमावास्येला खिडकी पुसायला घेतली की आपणहून उघडते, आणि कुलपात दोन थेंब तेल घालून पुन्हा लावते.