ग्रालचे ग्राफ बघायला आयजीव्ही लावू की सीफोम?

टीममध्ये नवीन आलेल्या पोरीने हे विचारलं. ग्राल म्हणजे जावाचा एक कंपायलर; कोड टप्प्याटप्प्याने कसा बदलत गेला ते तो ग्राफच्या रूपात देतो, आणि आयजीव्ही, सीफोम ही ते ग्राफ दाखवणारी टूल्स. पवईहून कांजूरमार्ग स्टेशनला जाताना रिक्षात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, राहिलेलं इथे लिहितो.

आधी एक गोष्ट. तुम्ही ग्रालवर नाही, तर हॉटस्पॉटच्या (नेहमीच्या जावा व्हर्च्युअल मशीनच्या) सी-टू कंपायलरवर काम करत असाल तर आयजीव्हीच लावा, कारण सीफोम ग्रालच्या बीजीव्ही फायली (ग्राल ग्राफ ज्यात साठवतो त्या) वाचतं, सी-टूचं एक्सएमएल नाही. सी-टूचे ग्राफ काढायला जेडीकेचा (जावाच्या डेव्हलपमेंट किटचा) डीबग बिल्ड लागेल एवढं धरून चला. ग्रालवाल्यांनीच पुढे वाचा.

आयजीव्ही मी दोन वर्षं रोज वापरलंय. त्यात कंपायलरच्या दोन टप्प्यांमधला (फेजेसमधला) फरक जसा दिसतो तसा मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही, आधीचा आणि नंतरचा ग्राफ निवडला की नवे नोड हिरवे, उडालेले लाल. लूपमधला बाउंड्स चेक (ॲरेची मर्यादा तपासणं) नक्की कुठल्या फेजमध्ये बाहेर गेला हे अक्षरशः दोन मिनिटांत सापडतं.

पण मला त्रास झाला तो जेडीकेचा. आयजीव्ही नेटबीन्सच्या प्लॅटफॉर्मवर उभं आहे आणि त्याला ठरावीक व्हर्जनचंच जेडीके चालतं, आणि आपण ज्या कंपायलरवर काम करतो तो तर कायम नव्या जेडीकेवर, म्हणजे मशीनवर दोन जावा ठेवायच्या, जावा-होम (कुठलं जेडीके वापरायचं ते सांगणारं सेटिंग) एकीकडे, आयजीव्हीला सुरू करताना जेडीके-होमचा पर्याय देऊन दुसरीकडे पाठवायचं, आणि कोणीतरी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी जावा-होम बदललं की सोमवारी सकाळी खिडकी उघडतच नाही, एररही नीट दिसत नाही. मला स्वतःला याची सवय झाली होती हो, पण टीममध्ये येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला दिवस यातच जायला लागला. ग्राफ वाचायला शिकण्याआधीच माणूस दमतो, ते मला बघवेना.

सीफोमला रुबी आणि ग्राफव्हिझ (ग्राफचं चित्र काढणारं टूल) एवढंच लागतं. जेम (रुबीचं पॅकेज) इन्स्टॉल केलं की झालं. क्रिस सीटनने लिहिलेलं हे टूल टर्मिनलवर चालतं, त्यामुळे स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवरच फाइल उघडता येते, डम्प (साठवलेल्या ग्राफच्या फायली) लॅपटॉपवर ओढायची गरज नाही (आयजीव्हीला ग्राल ४४४५ पोर्टवरून थेट ग्राफ पाठवू शकतो, पण मग एसएसएचचा टनेल करत बसा). फ्रेम स्टेटचे नोड (इंटरप्रिटरकडे परतायला लागणारी माहिती) सीफोम आधीच लपवतं, कंट्रोल फ्लोचे बाण लाल आणि डेटाचे हिरवे, नवख्या डोळ्यांना हे फार सोपं जातं असं मला वाटतं. आणि एसव्हीजी चित्राची फाइल निघते, ती सरळ ग्रुपवर टाकता येते!

कमी काय आहे तेही सांगतो. टप्प्यांमधला फरक रंगात दिसत नाही, दोन चित्रं शेजारी ठेवून डोळ्यांनीच शोधावं लागतं. इनलायनिंगनंतर (बोलावलेल्या मेथडचा कोड आत ओढल्यावर) मेथड फुगली असेल तर ग्राफव्हिझ इतका वेळ घेतो की माझा चहा पिऊन होतो. तेव्हा स्पॉटलाइटचा पर्याय देऊन हवा तो नोड आणि त्याचे शेजारी एवढंच काढा, मला बहुतेक वेळा तेवढ्यात उत्तर मिळतं.

तुमचं काम रोज फेजेस लिहिण्याचं असेल तर कदाचित आयजीव्हीच बरं पडेल, मी आग्रह धरणार नाही. पण "माझ्या कोडचं कंपायलरने नेमकं काय केलं" एवढंच बघायचं असेल तर मी सीफोमच सांगेन.

दोन्हीपैकी काहीही लावा, डम्प घेताना मेथड फिल्टर (कुठल्या मेथडचे ग्राफ हवेत तो पर्याय) विसरू नका, नाहीतर कंपाइल झालेल्या सगळ्याच मेथड्सच्या फायली पडतात. डम्पच्या पातळी १ पासून सुरुवात करा. आणि नव्या जेडीकेवर या पर्यायांच्या नावाआधी "जेडीके डॉट ग्राल" लागतं, जुन्या लेखांमध्ये नुसतं "ग्राल" असतं, त्यात ती पोरगी काल अर्धा तास अडकली होती.