जुन्या फॉरेस्टरला 40 मिमीचा लिफ्ट किट : काही महिने वापरल्यानंतर

गाडी सुबारू फॉरेस्टर, 2003 ते 2008 या पिढीतली. गाडी उंच करणारा हा किट साधा आहे: चारही स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावर बसणारे 40 मिमीचे स्पेसर, म्हणजे जाड ठोकळे, लांब बोल्ट आणि मागच्या ट्रेलिंग आर्मसाठी (मागच्या चाकाला पुढून धरणाऱ्या दांड्यासाठी) वेगळे स्पेसर. आता कच्चे रस्ते, चिखल, हायवे सगळं झालंय, तेव्हा ठामपणे सांगतो: किट आवडला, पण जुन्या गाडीत किट बसवणं हा कामाचा लहान भाग आहे.

आधी फायदा. या गाडीचं मागचं डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा डबा) चाकांबरोबर नाही, बॉडीबरोबर बांधलेलं असतं. बॉडी उचलली की तेही वर जातं. सलग ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर असलेल्या गाडीत तसं होत नाही; तिथे डिफरन्शियलखालची जागा फक्त मोठ्या टायरनेच वाढते. पूर्वी पोटाला दगड घासायचे अशा वाटांवरून गाडी आता बिनबोभाट निघते. 215/60 R16 च्या जागी 215/65 R16 टायर घातले, त्यांनी आणखी साधारण 11 मिमी दिले. व्यास 3 टक्क्यांच्या आसपास वाढल्यामुळे स्पीडोमीटर आणि ओडोमीटर दोन्ही तेवढे कमी दाखवतात. मायलेज काढताना हे धरा, नाहीतर गाडी आहे त्यापेक्षा जास्त पिते असं वाटेल. आणि टायर बदलायचे तर चारही एकदम, एकाच मापाचे. मापं वेगळी असली की पुढच्या-मागच्या चाकांमधलं कपलिंग सरळ रस्त्यावरही घासत, तापत राहतं.

बसण्यातला आराम बदललेला नाही, कारण स्प्रिंग आणि शॉकअप तेच. म्हणजेच शॉकअप थकलेले असतील तर स्पेसर त्यांना तरुण करणार नाही. स्ट्रट बाहेर काढलेच आहेत तर ते त्याच वेळी बदलावेत. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा थोडी जास्त कलते, आणि त्या मानाने वेग कमी ठेवावा लागतो.

माझा सगळ्यात जास्त आग्रह बुशबद्दल आहे. चाकांना धरणाऱ्या आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश धातूच्या नळीला चिकटवलेले असतात. आर्म वर-खाली होताना रबर पिळतं. गाडी 40 मिमी उचलली की जुन्या उंचीवर आवळलेला प्रत्येक बुश उभ्या गाडीतही पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. उपाय फुकटचा आहे: बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, एकदोनदा दाबून बसू द्या आणि मग पूर्ण आवळा. चाकं लटकत असताना आवळलेला बोल्ट म्हणजे नवा बुशही वाया. हे बोल्ट बहुतेक गॅरेजात जॅकवरच आवळले जातात, म्हणून समोर उभं राहून करून घ्या. मागच्या लॅटरल लिंकचा (चाकाला आडव्या धरणाऱ्या दांड्याचा) लांब बोल्ट जुन्या गाडीत गंजून आतल्या नळीत बसलेला असतो. आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि नवा बोल्ट हाताशी असू द्या.

स्ट्रट काढताना वरचे तीन नट सोडायचे. मधल्या नटला हात लावायचा नाही, त्याने दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते. पुढच्या स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टांपैकी वरचा कॅम्बरचा, म्हणजे चाकाचा उभा कल ठरवणारा असतो, त्याची जागा खुणेने टिपून ठेवा. अर्थात खूण ही गॅरेजपर्यंत जाण्यापुरती. अलाइनमेंट त्याच दिवशी करायलाच हवी, कारण उंचीबरोबर टो (चाकांचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते) आणि कॅम्बर दोन्ही सरकतात. ट्रेलिंग आर्मचे स्पेसर गाळू नका. ते नसले तर मागचं चाक कमानीत पुढे सरकलेलं दिसतं. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण खाली लटकवून तपासा. हेडलाइटही थोडे खाली करून घ्यावे लागतात, समोरच्याच्या डोळ्यांसाठी.

ड्राइव्हशाफ्टचे (चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) बूट, म्हणजे जॉइंटवरची रबरी टोपणं, मी किट बसवतानाच नवे घातले. शाफ्टच्या वाढलेल्या कोनात जुनं रबर घडीपाशी चिरतं, ग्रीस उडतं आणि मग जॉइंटच जातो. चाक हवेत लटकत असताना जोरात ॲक्सिलरेटर देणं टाळा, तेव्हा कोन सर्वांत वाईट असतो. हायवेवर वेग घेताना थरथर अजून जाणवलेली नाही.

याहून उंच किट घेतला तर शाफ्टचा कोन सांभाळायला सबफ्रेमही (बॉडीखालची चौकट) स्पेसर लावून खाली आणतात, म्हणजे तिथली मिळालेली जागा तिथेच परत जाते. म्हणून या गाडीला 40 मिमीच योग्य वाटतात.