गावभागातला नवा टू बीएचके : मीटरबोर्ड कुठं आहे ते आधी बघा

सांगलीच्या गावभागात जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. मी शाळेत क्लार्क, आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी. बिल्डरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते गावभागातल्या कुठल्याही नव्या इमारतीला लावून बघता येईल.

आधी पैशाचं. किंमत 45 लाखांच्या आत आणि कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) 90 चौरस मीटरच्या आत, त्यामुळं चालू बांधकामात बुकिंग करूनही जीएसटी 1 टक्काच बसला, नाहीतर 5 गेला असता. खोल्या बऱ्या आहेत. स्वयंपाकघराला खरी खिडकी आहे, डक्टमध्ये उघडणारी नव्हे. हॉलमध्ये मात्र सोफा ठेवला की दिवाण मावत नाही.

आता मुद्द्याचं. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना तब्येत नंतर विचारतात, आधी "आयर्विनला किती?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला परत 50 च्या वर. भिजलेल्या पांढऱ्या मातीच्या भिंती किती दिवस तग धरणार? वाडे पाडून तिथं काहीतरी बांधायलाच हवं होतं, त्याबद्दल माझा वाद नाही.

साइटवरचा पोरगा म्हणाला, "काळजीच नको वहिनी, आपला पहिला मजला 2019 च्या वर आहे." वर म्हणजे किती वर? समोरच्या गिरणीच्या भिंतीवर त्या पुराची रेघ ऑइलपेंटनं मारून ठेवलीय. ह्यांनी टेप लावून ती आमच्या खांबापर्यंत आणली. पहिल्या मजल्याची फरशी रेघेच्या हातभर वर निघाली. मीटरबोर्ड जिन्याच्या पहिल्या वळणावर, तोही वर. लिफ्टची मशीन गच्चीवर. एवढ्यासाठी बिल्डरला पैकीच्या पैकी मार्क.

पण पंपाचं पॅनेल खाली पार्किंगमध्ये, कमरेएवढ्या उंचीवर! सोसायटीचं ऑफिसही खालीच, त्याला पीओपीचं छत आणि प्लायवूडची कपाटं. हे कुणाच्या डोक्यातून आलं, देव जाणे. पार्किंगच्या फरशीला उतार नाही. पूर ओसरल्यावर खरं काम गाळाचं असतं, आणि तो ओला असतानाच पाण्याच्या मारानं ढकलावा लागतो. वाळला की फावड्यालाही दाद देत नाही. उतार नसेल तर ढकलणार कुठं? ड्रेनेजच्या चेंबरला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्हही नव्हता. तो आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून बसवला.

खालची पायरी गेली, हेही सांगते. वाड्याच्या ओट्यावर म्हाताऱ्या बायका गवार मोडत बसायच्या, आता तिथं स्कूटरी उभ्या असतात. पूररेषेत खाली राहायला नकोच, हे पटतं. पण जिन्यापाशी एक कट्टा ओतायला किती सिमेंट लागतं? वाड्यातल्या जुन्या भाडेकरूंना मागच्या अंगाला एकेक खोली-किचन दिलंय. त्यांच्या खिडक्या शेजारच्या भिंतीला खेटून आहेत, भर दुपारी ट्यूबलाइट चालू. त्यातल्या एक काकू सासूबाईंना भेटायला वर येतात ते निम्म्यानं उजेडासाठीच.

एजंट एक गोष्ट सांगत नाहीत. पाणी घरात येत नाही, पण तुम्ही घरात अडकता. पूर आला की वीज तोडतात, मग लिफ्ट बंद, पंप बंद, गच्चीची टाकी पुरेल तेवढी पुरेल. उंच इमारत आहे म्हणून थांबू, असं 2019 ला अनेकांनी ठरवलं आणि शेवटी बोटीतून बाहेर पडले. नदीकाठच्या सखल सूर्यवंशी प्लॉटात पाणी शिरल्याचं कळलं की आम्ही सासूबाईंना कुपवाडला नणंदेकडं सोडतो. फ्लॅट नवा असला तरी त्यात बदल नाही.

बाथरूमला गळती होती. रेराच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या) कायद्यात ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं असले दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचे असतात. तोंडी सांगून हललं नाही, लेखी पत्र दिल्यावर माणूस आला.

एकूण पाचात साडेतीन. मंदिर, हरभट रोड, मंडई सगळं चालत, गाडी काढावी लागत नाही, यासाठी मी परतही इथंच घेईन. बघायला जाणार असाल तर सॅम्पल फ्लॅट नंतर बघा, आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये उभं राहा. पंपाचं पॅनेल वर घ्यायचं करारातच लिहून घ्या. आमच्याकडं तो ठराव अजून सोसायटीच्या मीटिंगमध्येच फिरतोय.